दोन शब्द

छावणीतल्या मेहताब टॉकीजला
रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमे लागत.
महूहून आलेले चार फौजी, कॉलेजातली काही पोरं,
आणि त्या दिवशी आम्ही,
बंद पडलेल्या नाटकाचे उरलेले सातजण.

तेच नाटक होतं ते.
तिकडे दोन शहरांत पोलिसांनी पडदा पाडला होता त्यावर,
आणि आमच्या भैय्यासाहेब खासगीवाल्यांनी
मिलच्या हिशेबवहीच्या कोऱ्या पाठींवर
जांभळ्या शाईत ते मराठीत उतरवलं.
एलिनॉरची कुसुम झाली,
बर्फाची झाली माळव्यातली पौषातली थंडी.

प्रयोग एकच झाला. म्हणजे पाऊण.
तिसऱ्या अंकात, पंचांसमोर, कुसुमनं तोंड उघडलं
आणि दुसऱ्या रांगेतून कुणी ओरडलं, बत्ती गुल करो!
बत्ती गेली. खुर्च्या आपटल्या.
अंधारात विमल शेवडे एकटी उभी
आणि विंगेत मी, वही धरून,
बोटाखाली तिचं पुढचं वाक्य.

सोमवारी कन्याशाळेनं तिला
गणिताच्या तासावरून बोलावून घेतलं.
चौकशी हा शब्द मोठा सभ्य आहे.
तालमीनंतर तिला रामबागेपर्यंत
कोण सोडायला यायचं, सायकल हातात धरून,
तेही विचारलं म्हणे.
तिनं सांगितलं नाही.
कमिटीनं हँडबिल मागवलं, एकेक नाव वाचलं.
हँडबिलावर प्रॉम्प्टरचं नाव छापत नाहीत.
मी तोफखान्याच्या कोपऱ्यावर उभा राहून चहा प्यालो,
दोन कप.

आता पडद्यावर भिंतीएवढा चेहरा.
बाई रडली तरी काजळ जागच्या जागी.
दिवाणखाना तोच, वकील तोच,
दाराशी उभा असलेला माणूसही तोच,
हॅट हातात, गप्प.
कॅमेरा त्याच्याकडे फारसा जात नव्हता.

पंच बसले. सवयीनं माझा अंगठा
नसलेल्या वहीवरून सरकला.
बाईनं तोंड उघडलं
आणि व्हायोलिनं सुरू झाली.
ती गुडघ्यांवर बसली, खिडकीतून उजेड आला,
कुणीतरी तिला माफ केलं.

वाक्य गेलं होतं.
इंदूरला बत्ती घालवावी लागली,
तिकडे त्यांनी जरा जास्त लावली,
इतकंच.

नट अडला की तीन मोजायचे,
मग ओठ हलवायचे.
पहिल्या रांगेला कळता कामा नये.
मी तीन मोजले.
मला पश्चात्ताप झालेला नाही. मला फक्त थंडी वाजतेय.
पुढचा फौजी वळून शूऽ म्हणाला.
मागे, बायकांच्या खुर्च्यांत, काही हललं नाही.

जिन्यावर भेटली. तपकिरी स्वेटर, बाहीला खडू.
शीतलामाता बाजारात एका शेठच्या मुलांना
अपूर्णांक शिकवते म्हणाली. मुलगी हुशार आहे,
मुलगा नुसता खातो.
मग पर्स मिटत :
'ऐकू आलं मला. आवाज पोचतो तुमचा अजून.
पण दोन शब्द गाळलेत.'
टांगा आला. ती बसली.

रात्री ट्रंकेच्या तळातून वही काढली.
पान एकोणसाठ, भैय्यासाहेबांचा तिरपा हात :

मला पश्चात्ताप झालेला नाही.
त्यालाही विचारा.
मला फक्त थंडी वाजतेय.

खोडलेलं काहीच नव्हतं.
उलट मधल्या ओळीखाली माझीच पेन्सिल, दुहेरी,
आणि समासात माझंच अक्षर :
इथे थांबणे. दाराकडे बघणे.

आमच्या नेपथ्यात दार
उजव्या विंगेला होतं.
मी उजव्या विंगेत बसायचो.