सोडत

सहावीत होते. मनपाची शाळा, गोळीबार चौकाजवळची.
बाईंनी मलाच नेलं,
कारण माझा गणवेश धड होता.
सभागृहात एसी, दातावर दात वाजत होते.
टेबलावर पारदर्शक डबा,
आत रबर लावलेल्या चिठ्ठ्या.
साहेब म्हणाले, बाही वर कर, हात दाखव सगळ्यांना.
मी अख्ख्या शहराला माझा रिकामा हात दाखवला.

मग आमच्या वॉर्डाची चिठ्ठी.
'महिला', साहेबांनी वाचलं,
आणि तिसऱ्या रांगेत गजूभाऊ बारापात्रेंनी
कपाळावर हात मारला.
"काहून काढली वं पोरी हे चिठ्ठी?"
लोक हसले. मीही हसले,
चूक माझीच असल्यासारखी.
तोवर त्यांनी घरी फोन लावला होता:
"तुहं आधार कार्ड कुठी हाय?
अन् फोटो काढून घे. पदर घेऊन."

चित्ररेखाताई निवडून आल्या.
चौकातल्या फ्लेक्सवर त्यांचा पदर, आणि मागे
त्यांच्या दुप्पट गजूभाऊ, हात जोडून.

रहिवासी दाखल्यासाठी गेले तेव्हा
फिरत्या खुर्चीत भाऊ,
बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत नगरसेविका.
त्या वाचत होत्या.
गडरलाइनचं एस्टिमेट, बोट ठेवून, ओळ न् ओळ.
"सही कर ना वं."
"थांबा. सतरा मीटर लिहिलं हाय.
म्या मोजली गल्ली. अकरा भरते."
नंतर खोलीत फक्त पंखा बोलत होता.

पुढच्या सोडतीला दुसऱ्या कोणा मुलीच्या हाती
'सर्वसाधारण' आलं.
चौकात फटाके, तर्रीपोहे.
ताईंना कोणी विचारलं नाही.
सर्वसाधारण म्हणजे कोण,
हे आमच्याकडे न सांगता कळतं.

यंदा उमेदवारी अर्ज आणायला मी गेले.
खिडकीतला बाबू चष्म्यावरून म्हणाला,
"मॅडम, ही जागा लेडीज नाही."
"लेडीजनं लढू नये, असं कुठं लिहिलंय?"
तो नियमांची पुस्तिका चाळू लागला.
मी बाकावर बसले. चाळू दे.

संध्याकाळी ताईंकडे गेले, सूचक म्हणून सही घ्यायला.
गुडघे दुखतात आता, पण उठल्या, दिवा लावला,
चष्मा पुसला.
पेन मी पुढे केलं, ते बाजूला ठेवलं.
"आधी वाचू दे."
पाऊण तास लागला.
दोन चुका निघाल्या.