राहिलेली फरशी

साठ दिवस असतात, वकीलबाई म्हणाल्या,
शेवटचं काम केलंत त्या दिवसापासून.
एकसष्टाव्या दिवशी फरशी त्यांची
आणि घाम तेवढा तुमचा.

बाबा कानामागची चपटी पेन्सिल काढतात
आणि कॅलेंडरवर मागे मागे जातात,
जसे फरशी बसवताना दाराकडे सरकत येतात
गुडघ्यांवर, स्वतःचा रस्ता बंद करत.

हॅमिल्टनमध्ये नोव्हेंबर. खिडकीच्या फटीतून सरोवराचा वारा.
मी अर्ज भरतेय.
नाव: अडेलिनो फुर्ताडो. काम: फरशी, भिंतीच्या टाइल्स.
येणं: अठरा हजार चारशे डॉलर.
ज्यानं काम दिलं तो ठेकेदार फोन उचलत नाही;
त्याच्या ऑफिसात आता कुणी कुत्र्यांचे केस कापतं.

जागेची मालकीण: हालिना वोयतास, बेकरी.
इथे पेन्सिल थांबते.
तिनं तर सगळे दिले गं. त्याला. वेळेवर.
पावत्या दाखवल्या मला, पिठाच्या हातांनी.

पण कायदा ठेकेदाराच्या मागे धावत नाही, बाबा.
तो जमिनीला धरून बसतो.
जमीन पळून जात नाही.
शंभरातले दहा तिनं हातचे राखायचे होते.
ते कुणी सांगितलंच नाही तिला,
आता दुसऱ्यांदा द्यावे लागतील.

म्हणजे तिच्या कागदावर बोजा चढवायचा.
हो.
चाळीस पोती सिमेंट चढवलं मी त्या मागच्या जिन्यानं,
म्हणतात, आणि हसत नाहीत.

शेवटचा दिवस कोणता लिहू?
बिलावर अकरा सप्टेंबर आहे. ते गेले, साठ उलटले.
पण एकोणीसला तुम्ही परत गेला होतात,
मोरीजवळच्या एका फरशीसाठी.
तासाभराचं काम. तिनं राईचा पाव दिला होता.
तो मजुरीत धरायचा का, हे तुम्ही वकीलबाईंना खरंच विचारलंत,
आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

नीट आठवा, बाबा.
ती फरशी राहिली होती, की निघाली होती?
राहिलेली बसवली तर ते काम.
निघालेली चिकटवली तर ती डागडुजी,
आणि डागडुजीचा दिवस मोजत नाहीत.

फ्रीज घुरघुरतो. आई वरच्या खोलीत खुर्ची सरकवते.
एकतीस वर्षांत या माणसानं
मला एकदाही खोटं सांगितलेलं नाही,
आजीच्या दुखण्याबद्दलसुद्धा नाही.

माझी फरशी निघत नाही, म्हणतात.
हे उत्तर आहे की अभिमान, ते मला कळत नाही.
मी लिहिते: एकोणीस सप्टेंबर.
आज अठ्ठावन्नावा दिवस.

उद्या सकाळी करू दाखल, नऊनंतर.
बेकरी सहाला उघडते, ते म्हणतात,
पत्र जाण्याआधी मी तिला सांगून येतो.
कशाला?
कोट चढवत, पाठमोरेच:
वाकून बघेन एकदा.
धरून आहे का ती.