मटाम

खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब सोडतात,
त्याला मटाम म्हणतात.
मूळ जमीन कुठवर होती, हे सांगायला तो उभा.
बाकीचं सगळं टोपल्यांतून बांधावर गेलेलं.

मी मिरजेचा, मॅट्रिक, वय एकोणीस.
त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत जतच्या पूर्वेला
पाझर तलावावर हजेरी कारकून.
माझ्याजवळ कापडी टेप, शाईचा पॅड,
पत्र्याची पेटी
आणि आठशे बारा माणसं.

दहा बाय दहा, खोल एक फूट: एक ब्रास.
मुरूम की कठीण मुरूम
हे ओव्हरसियर बेडगे बुटाच्या टाचेनं ठरवायचे.
सकाळी सुकडीची पोती उतरायची.
दुपारी बाभळींना टांगलेल्या झोळ्या एकदम रडायला लागत
आणि अर्ध्या बाया काम टाकून उठत.
तो अर्धा तास कुठं लिहायचा? रकाना नव्हता.

शनिवारी अंगठे.
फावड्यानं रेघा खाल्लेल्या,
कागदावर नुसता निळा डाग उमटे,
आठशे डाग, एकासारखा एक.
तहसीलला साहेब म्हणाले,
हे सगळे एकाच माणसाचे आहेत काय?

गँग नंबर चौदा. ती रांगेतून पुढं आली.
मी सवयीनं लिहीत होतो: मल्लाप्पाची बायको.
ती म्हणाली, बरी.
बरी आहेस ना, मग सरक पुढं.
बरी, पुन्हा म्हणाली, आणि पत्रकावर बोट आपटलं,
नन्न हेसरु बरी.
मुकादम मुलाणी पानाची पिचकारी टाकून हसला.
बरी म्हंजे लिव्हा, कारकून.
कानडी हाय ते. तिचं नाव लिव्हा म्हणतीया.

निलव्वा.
तिनं वाकून अक्षरं मोजली. तीन बोटं वर केली, एवढंच?
एवढंच.
मल्लाप्पाची बायको लिहायला सात लागायची.

रोज दोन रुपये दहा पैसे, आठवड्याचे बारा साठ,
तिच्याच हातावर.
मल्लाप्पा इचलकरंजीला होता की सोलापूरला,
कुणी नक्की सांगत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मोजणीला तिच्या खड्ड्यात उतरलो
तर मटामच्या डोक्यावर हरळीची ढेप,
मुळासकट, ओल्या मातीनं थापून बसवलेली.
तीन इंच.
एवढ्या दुष्काळात हिला हिरवं मिळालं कुठं,
हा माझा पहिला विचार.
दुसरा विचार: नऊ इंचांचा फूट झाला.
ती पाठमोरी बसून टोपलीतला मुरूम निवडत होती,
तांदूळ निवडावा तसा.
टेपचं टोक हरळीच्या वर धरायचं की खाली
याबद्दल परिपत्रक नव्हतं.

एक फूट, मी लिहिलं.
पुढच्या खड्ड्यातही हरळी. त्याच्या पुढच्यातही.
तिथंही लिहिलं.

फेरमोजणीचा कागद टेबलं फिरत फिरत पाच वर्षांनी आला.
गँग चौदा, खोलीत तफावत,
सत्तावीस रुपये चाळीस पैसे कारकुनाच्या पगारातून वसूल.
पावती अजून ठेवलीय.
तोवर कायदा झाला होता,
कचेरीच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं:
मागेल त्याला काम.
येता-जाता माझी नजर त्या 'त्याला'वर अडायची.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या गाडीतून तिकडून गेलो.
तलावात गाळ. गाळाच्या भेगांवर पोरांचं क्रिकेट.
सांडव्याच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी कधी पोचलंच नाही,
खड्डे बुजत आलेत
आणि मटाम झिजून गुडघ्याएवढे.
मामा, ही कसली थडगी?
थडगी नव्हेत रे, मोजमाप आहे.
बरं, म्हणाला, आणि गाडीचा एसी वाढवला.

एकावर हरळी होती.
हरळी काय, कुठंही उगवते.