काटा नसलेलं हॉटेल

वेंगुर्ला बंदरावरचे अकरा काटे तपासले.
दोन खोटे निघाले. एकीनं मला शिव्या घातल्या
सुरमईच्या शेपटीवर हात आपटत.
शिक्क्याचा पंच पिशवीत टाकला
आणि एकदम भूक लागली.

रिक्षावाला म्हणाला, ‘दिगू गिरपाकडे जावा,
बायल चिनी आसा, पण जेवण बरा.’

नवाबागेच्या वाटेवर, जाळी सुकत घातलेल्या कुंपणाला लागून
चार बाकडी, वर पत्रा. पाटी नाही.

चिनी नाही.
ते ती स्वतःच सांगते, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला,
न चिडता,
हात धुवायची मोरी कुठे ते दाखवावं तसं.
व्हिएतनाम. हायफाँग.
तिथंही खाडी आहे, ओहोटीला चिखलाचा असाच वास.
दिगू जहाजावर मोटरमन होता. इंजिन बिघडलं,
सात हप्ते धक्क्याला लागून राहिलं.
‘आणि सातय हप्ते मी एकाच गाड्यार जेवलंय,’
एवढं सांगून तो पंख्याचं बटण दाबतो.

तिचं नाव न्हुंग, म्हणजे मखमल.
रेशनकार्डावर नलिनी.
तिच्या मालवणीला सहा सूर आहेत:
‘बसा’ चढतं, ‘जेवतलात?’ मध्येच मोडतं,
‘तिखट व्हया?’ विहिरीत उतरून वर येतं.

मी फो मागितला.
‘तसा नाय,’ म्हणाली, आणि म्हणून दाखवलं.
शब्द प्रश्न विचारल्यासारखा संपतो.
मी तीनदा विचारून पाहिलं.
तिसऱ्यांदा तिनं वाडगाच आणून ठेवला.

भाजलेल्या आल्याकांद्यावर सकाळपासून उकळलेलं कोंबडीचं पाणी,
दालचिनी, चक्रीफूल,
आपल्याच घरातली माणसं,
पण इथं कुणी त्यांना वाटपाखाली दाबलेलं नाही.
आणि तळाशी पांढरे
शिरवाळे.
शिरवाळेच. सासूच्या लाकडी शेवग्यातून काढलेले.
खरं तर चपटे हवेत, ती म्हणते,
पण शेवगा गोलच पाडतो, त्याला कोण शिकवणार?
म्हातारीनं जन्मभर ते नारळाच्या गोड रसात खाल्ले.
सुनेनं वर कोंबडी घातली तेव्हा
तीन दिवस अबोला.
चौथ्या दिवशी मागच्या दारातून विचारलं,
‘उरला काय गो?’

परसात रांजण आहे. पेडवे आणि मीठ, वर्षभर झाकून.
त्याचं पाणी थेंब थेंब वाढते.
वासाची तक्रार घेऊन शेजारी आले होते,
सुके बांगडे दोरीवर तसेच ठेवून.

मग हळदीचं घावन, पोटात कोळंबी.
पीठ तापल्या तव्यावर पडताना ‘सेओ’ असं म्हणतं,
म्हणून तिकडे त्याचं नाव बान्ह सेओ.
आमच्या आईच्या तव्यावरही तोच आवाज व्हायचा.
आम्ही ताट घेऊन बसलेलो असायचो,
ऐकलं कुणी?

तेवढ्यात डबा दिसला.
घट्ट दुधाचा रिकामा डबा, कागद केव्हाच गेलेला,
त्यानं ती उद्याचे तांदूळ मोजत होती.
नोकरीची सवय. मी विचारलं, ‘हे कसलं माप?’
‘माझ्या बापाशीचा.’

टंचाईच्या वर्षांत, तिनं सांगितलं, बाप डबा उलटा धरायचा.
बुडाच्या खळगीत मावेल तेवढाच तांदूळ,
वर हात फिरवून सपाट करायचा
आणि मुलांना ऐकू जाईल असा म्हणायचा:
एक डबा. दोन डबे. तीन.
‘खोटा नाय बोललो,’ ती म्हणाली,
आणि डबा सुलटा करून पिंपात ठेवला.

बावीस वर्षं मी खोटी मापं पकडतोय.
तळाला चिकटवलेलं मेण, पोकळ शिसं,
पारड्याखाली लपवलेलं लोहचुंबक.
पिशवीत प्रमाण वजनं होती. हात तिकडे गेला नाही.
वहीत नुसतं लिहिलं: काटा नाही.

एकशे तीस झाले. दिगूनं दीडशेतले वीस परत देताना
रस्त्याकडे पाहिलं, म्हणाला, ‘एसटी पाच मिन्टांत.’
ती चाळीस मिनिटांनी आली.
तेही माप
इथं कुणी तपासत नाही.