बादलीला ताप

पहिला घाणा मी टोमॅटोंना घातला.
टोमॅटोंनीसुद्धा नाक मुरडलं असेल.
वास नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा,
त्यामागून काळ्या पडलेल्या केळ्याचा.
नोरीनने धुण्याच्या खोलीची खिडकी उघडली
ती तीन दिवस उघडीच,
बाहेर ब्रोकन हिलचा डिसेंबर, त्रेचाळीस अंश.

मर्व्ह ट्रेगेन्झा कुंपणापलीकडून आला,
चमचाभर चाखून थुंकला.
"कितीवर ठेवली होतीस?"
मी भिंतीवरच्या पाऱ्याकडे बोट केलं. सव्वीस.
"ते भिंतीचं झालं," तो म्हणाला.
"भिंत पिणार आहेस का?"

अडतीस वर्षं खाणीत काढलेला माणूस,
वरच्या हवेवर त्याचा विश्वास नाही.
म्हणाला, यीस्ट जागं झालं की स्वतःच तापतं,
खोलीपेक्षा तीन अंश, चार अंश वर.
साखर दिसली की तुटून पडतं,
आणि ऊन लागलं की घाई करतं.
घाईत केलेलं सगळं नंतर तोंडात येतं.

मी तीस वर्षं तीन डब्यांचा ट्रक हाकला,
रेडिएटरच्या काट्यावर एक डोळा ठेवून.
काटा लाल पट्ट्यात गेला की गाडी कडेला,
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
पण बादलीलाही इंजिन असतं
हे कळायला सदुसष्टावं वर्ष लागलं.

सामान ते काय?
तेवीस लिटरची झाकणाची बादली, खाली तोटी,
झाकणात एअरलॉक, त्यात बोटभर पाणी,
पोटावर चिकटवलेली हिरव्या आकड्यांची पट्टी.
बाकी नुसतं धुणं.
धू, विसळ, परत धू.
ज्याला भांडी घासायचा कंटाळा
त्याने दुकानातून आणावी.

दुसऱ्या खेपेला बादली कपड्यांच्या टबात बसवली,
टबात घोटाभर पाणी,
बादलीच्या अंगात माझा जुना बनियन,
त्याचं टोक पाण्यात बुडालेलं,
आणि समोर टेबलफॅन.
दुधाच्या बाटल्या पाणी भरून गोठवल्या, सहा.
दोन टबात, चार फ्रीजरमध्ये,
नोरीनचे वाटाणे बाहेर.

तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर
मिठाच्या पाण्याची घडी ठेवावी, तसा तो बनियन.
सुकला की ओला करायचा.
पट्टीवर वीस उजळला की बाटली बदलायची,
अठरा उजळला की गप्प बसायचं.
गप्प बसणं मला जमत नाही.

रात्री अकराला उठलो. तीनला उठलो.
तीनला दाराशी नोरीन, केस विस्कटलेले.
"जुळ्यांच्या वेळी उठला असतास असा!"

काय बोलणार?
जुळ्यांच्या वेळी मी डार्विनच्या वाटेवर होतो,
काट्यावर एक डोळा ठेवून.
फोनवरून विचारायचो, ताप किती?
ती आकडा सांगायची.
तो भिंतीवरचा असायचा की अंगातला,
कधी विचारलं नाही.

ती आत गेली नाही.
हात वाळवायच्या कपड्याला पुसून
बादलीच्या पोटावर पालथा ठेवला,
जसा तिने हजारदा ठेवला असेल.
"उतरतोय," म्हणाली,
आणि मग पट्टीवर अठराचा आकडा हिरवा झाला.
एअरलॉक म्हणाला, बुळुक.
बऱ्याच वेळाने पुन्हा, बुळुक.
आम्ही दोघं तिथेच उभे, फॅनच्या वाऱ्यात,
सकाळी गलाह पोपट तारेवर भांडायला लागेपर्यंत नव्हे,
पण बराच वेळ.

तेरा दिवसांनी काचेची नळी बुडवून बघितली.
एक हजार दहा. परवाही तेच.
बाटल्या भरल्या, त्यांनाही तीन आठवडे दिले.

जरा गोडच झाली, आणि फेस लगेच बसला.
मर्व्हने ग्लास उजेडाकडे धरला, एक घोट घेतला,
थुंकला नाही.
"पिण्यासारखी आहे," म्हणाला,
आणि ग्लास पुढे केला.
नोरीनने तो भरला. मी उठलो होतो,
पण तिने मला बसवलं.