जमिनीने

इसहाक मुकादमने एकोणीस वर्षं
मालवाहू जहाजांवर भात शिजवला.
बंदरं तोंडपाठ: मर्सिन, कॉन्स्टान्झा, बातुमी.
शहर एकही नाही.
"गेटपर्यंत जायचो," म्हणतो, "सिमकार्ड घ्यायला."

म्हणून अट त्यानेच घातली:
वेसवी ते बातुमी, सगळं जमिनीने.
पाण्याला पाय लावायचा नाही.

त्याच्या पडवीत नकाशा,
वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर जाळ्याचं शिसं.
पेन्सिलची रेघ नेपाळात चढते,
तिबेटात दम खाते, काशगर, ओश,
पुढे खोडरबराने मळलेला कागद.
सरळ वाट पंजाबातून होती.
इसहाकने तिथे नुसतं बोट ठेवलं
नि उचललं.

माझं झेरॉक्सचं दुकान.
पासपोर्टच्या प्रती आठ-आठ, फोटो पांढऱ्या पडद्यावर,
आणि कुठला व्हिसा कधी मरतो त्याचा तक्ता.
तुर्कमेनिस्तान पाचच दिवस देतं, दिले तर.
एक लांबला की पुढचे सगळे नासतात
पाणी लागलेल्या सुकटीसारखे.

पाठपिशव्या लिलावाच्या काट्यावर टांगल्या.
माझी अकरा किलो, त्याची सतरा.
आमसुलं काढ म्हटलं तर
त्याने चादर काढली.

मग अडलं ते खाडीशी.
समोर बागमांडला, फेरीबोटीने एक विडी ओढेपर्यंत.
"ही कशाला मोजायची?" मी.
"पाणी ते पाणी," तो.

तर परवा रंगीत तालीम.
मंडणगड, आंबेतचा पूल (खाली बघितलं नाही त्याने),
म्हसळ्याला चुकलेली एसटी, वडापाव,
विटांच्या टेम्पोत दीड तास,
उरलेला उतार पायी. माझी टाच सोलली.
पहाटे पाचला निघालेलो,
दिवस बुडता बुडता पोचलो
घराच्या समोर.

वेसवी. बर्फाची गाडी मागे घेत होती.
त्याच्या परसातला निळा पिंप ओळखू आला,
त्याच्या बाजूला काहीतरी हललं,
आणि फोन वाजला.
जैबुन, त्याची बहीण:
"दिसताय दोघं. एवढाल्या पिशव्या कशाला रे?
शेवटची बोट लागलीय. कालवण निवतंय."

इसहाक बोटीकडे बघत राहिला.
साखळी खडखडली, फळी खाली आली,
दोन दुचाक्या, एक बकरी चढली.
त्याने छातीवरचा पट्टा घट्ट केला,
जसा काही सीमेवरच उभा आहे.

"परतीला चालतं," म्हणाला.