चौथा बाण

लल्लूभाई कंपाउंड, तळमजल्याची खोली.
भिंतीवर ब्राउनपेपर लावून मी चौकटी आखल्या,
डावीकडून उजवीकडे:
आपण काय घालतो, काय करतो,
हाती काय येतं, आणि शेवटी काय बदलतं.
मधे बाण. फूटपट्टीने. निळे.

खरं तर आखायचं असतं उलटीकडून,
प्रशिक्षणात मीच शिकवते तसं:
आधी ठरवा सहाव्या वर्षी मूल कसं हवं,
मग एकेक टाका मागे या,
चुकलेली शिवण उसवावी तसं.

शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं,
'पहिलीत जाताना मूल गोष्ट सांगेल,
नुसती ऐकणार नाही.'
हे वाक्य मला आवडलं होतं.
निधी देणाऱ्यांना तर फारच.

हिवाळेबाई हजेरीपट घेऊन बसल्या होत्या.
पटावर चाळीस, सतरंजीवर सतरा,
त्यातला एक टेबलाखाली,
कशालाही 'गाडी' म्हणणारा.
नसीमबी खिचडीचं पातेलं उतरवत होती
आणि माझे बाण बघत होती,
नळाला पाणी येतंय का बघावं, तसं.

अगदी खाली, बारीक अक्षरात
(ते बारीकच लिहायची रीत आहे)
'गृहीतक: मुले रोज येतील.'

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"मुलं येत नाहीत हो मॅडम. आणली जातात."

मग पेन्सिलीचं टोक एका नावावर ठेवलं.
अयान. त्याला सानिया आणायची, बहीण, नऊ वर्षांची.
जूनपासून तिची शाळा सकाळची झाली, सात-दहाची.
आई सहालाच चेंबूरला कामावर.
आपल्या खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे,
आणि सेक्रेटरींची अंघोळ-पूजा साडेनऊपर्यंत.
"मग अयान?"
"घरात. बाहेरून कडी."

पेन्सिल खालच्या नावावर गेली.
तिथेही एक बहीण होती.
त्याच्या खाली एक आजी, तिचा गुडघा,
आणि बंद पडलेली लिफ्ट.

माझा चौथा बाण,
'उपक्रम' पासून 'उपस्थिती' पर्यंत, दीड इंचाचा,
पाच मजले उतरत होता
एका कमरेवर भाऊ, एका खांद्यावर दप्तर घेऊन,
आणि मी त्याला फूटपट्टी लावली होती.

खेळणी अठरा हजारांची, तक्ते सहा हजारांचे,
निरीक्षणाचं ॲप, त्याचं वेगळं प्रशिक्षण.
किल्ली चाळीस रुपयांची.
मानखुर्द स्टेशनबाहेरच्या माणसाने
कानस चालवत विचारलं, "कपाटाची?"
त्याआधी सेक्रेटरींकडे तीन खेपा, एक शिक्क्याचं पत्र,
चौथ्या खेपेला त्यांच्या नातीच्या बारशाचे पेढे.
खर्चाच्या तक्त्यात किल्लीला शीर्षक नाही.
ती 'इतर'मध्ये गेली. पेढे कशातच नाहीत.

"पावणेसातला मी उघडीन की," नसीमबी म्हणाली,
"वरच तर राहते."
सगळ्यांना हायसं वाटलं.
मी खोडरबर घेतलं, चौकट सरकवली, नवा बाण काढला,
यावेळी हातानेच, जरा वाकडा.

ऑगस्टअखेर सतरंजीवर एकतीस.
अयान आता टेबलाखालून बाहेर येतो,
आणि परवा म्हणाला, "गाडी गेली."
दोन शब्द. बाईंनी तारखेसकट लिहून ठेवले.

अहवालासाठी कागद पुन्हा उलगडला तेव्हा दिसलं:
पावणेसात ते दहा, सव्वातीन तास,
मदतनिसाच्या मानधनात कुठे बसतात
हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही.
आणि माझ्याच हाताने, तळाशी, बारीक अक्षरात,
'गृहीतक: नसीमबी दार उघडतील.'

ते खोडून मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं.
'नसीमबी'पर्यंतच
कागद संपला.